आढळ

मॅडमच्या पुस्तकातल्या नकाशात आमचा तालुका कोरा होता.
नागपूरजवळ एक ठिपका,
मग थेट गोदावरीपलीकडे दुसरा.
मधल्या एवढ्या रानात
जणू मोह नाही, येन नाही,
निंबाच्या सालीवर डोकं खाली करून
दिवस दिवस न हलणारी कातीन नाही.

नासरे मॅडम म्हणाल्या,
कोरं म्हणजे नाही, असं नसतं.
कोरं म्हणजे तिथं कोणी थांबलं नाही.

त्या नागभीडला प्राणिशास्त्र शिकवायच्या.
मी बाटल्या धुवायचो, चिठ्ठ्या लिहायचो,
शिसपेन्सिलीनं,
कारण शाई स्पिरिटात विरघळते
आणि मग मेलेल्याला गाव उरत नाही.

कातीन शोधून द्यायची तानाबाई मडावी.
आम्हाला साल दिसायची, तिला सालीचे पाय.
मॅडमना वीस झाडांत एक सापडे,
तानाबाई चालता चालता बोट ठेवी:
हे एक. हे एक. हे पोटुशी हाये, राहू द्या.

एकदा बोडीच्या पाळीवर
डबा उघडून बसलो होतो.
मॅडम सांगत होत्या कूळ, प्रजाती, जाती,
मागं दोन लांब शेपट्या, म्हणजे दोऱ्याच्या नळ्या,
डोळे आठ.
तानाबाई म्हणाली, आमी सात देवाचे.
हे आठ डोयाचे.
म्हंजे सोयरीक जमते.
मॅडम इतक्या हसल्या की चटणी ठसकली.

मग आफ्रिका निघाली, ब्रह्मदेश, ऑस्ट्रेलिया,
तिकडंही आहेत म्हणे याच कुळातल्या.
मी विचारलं, समुद्र कसा ओलांडला?
नक्की कोणाला माहीत, म्हणाल्या,
कोणी म्हणतं दोरा धरून वाऱ्यावर गेल्या,
कोणी म्हणतं जमीनच एक होती, तुटून सरकली.
त्या जुन्या जमिनीला नाव दिलंय
गोंडांच्याच मुलखावरून.

तानाबाईनं भाकर खाली ठेवली.
थे जमीन?
हो.
येवढी सारी?
हो.
मंग सातबारा कोनाच्या नावानं हाये?

बोडीत एक बगळा उतरला, परत उडाला.
मॅडमनी डब्याचं झाकण दोनदा लावलं.

त्याच दिवशी निंबावर पाहिलं आम्ही तिघांनी:
मुंगी वर येत होती.
कातीन तिच्याकडे पाठ करून गरगर फिरली,
बघता बघता मुंगी सालीला शिवलेली.
तोंड सगळा वेळ बाहेर, रानाकडे.
असं काम मी माणसांत पाहिलंय,
कचेरीत.

जात मात्र अशी बघून कळत नाही.
पोटाखाली, मोहरीच्या टिचक्याएवढी काळी खूण,
ती भिंगाखालीच दिसते,
आणि भिंगाखाली यायचं तर आधी मरावं लागतं.
ते माझ्याकडे होतं.
चिमट्यात धरून बाटलीत सोडायचो.
पाय आधी उघडत, मग मिटत.
तानाबाई त्या वेळी पाणी प्यायला उठायची.

चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड,
जमिनीपासून उंची, हातात मोजून.
शेवटची ओळ, कोणी गोळा केली.
पहिल्या सतरा बाटल्यांवर मॅडमचं नाव आहे.
अठराव्याला त्या थांबल्या,
म्हणाल्या, खोडरबर आण.
सतराही परत लिहिल्या मी,
मडावी, ता., तळोधी.
तिला वाचून दाखवलं तर म्हणाली,
मरनाऱ्यायच्या चिठ्ठीवर माह्यं नाव कायले?

मॅडमची बदली गोंदियाला झाली.
नव्या नकाशात आमचा ठिपका आलाय, म्हणतात.
मी पाहिला नाही.
पाहून तरी काय, तो ठिपका छापताना
तळोधी, बोडी, तानाबाईचा टोला,
सगळं एकाच काळ्या शाईखाली गेलं असणार.

उन्हाळ्यात स्पिरिट उडतं.
कोणी सांगत नाही, तरी मी भरतो.
एकोणचाळीस बाटल्या.

काल सायकल लावायला गेलो
तर कॉलेजच्या निंबावर, माझ्या छातीएवढ्या उंचीवर,
साल किंचित श्वास घेत होती.
खिशात पेन्सिल होती.
मी सायकल दुसऱ्या झाडाला टेकवली.